काय म्हणालात?

आमच्या भाऊजींना ऐकू येईनासं झालंय, हे घरात कुणाला कळायच्या आधी माझ्या सुईला कळलं. मी ध्वनिमुद्रक. नट बोलतो तेव्हा सगळे त्याच्या तोंडाकडे बघतात, मी माझ्या पेटीवरच्या मीटरकडे बघतो. हल्लीच्या यंत्रांवर सुई नसते, रंगीत पट्ट्या नाचतात. पण मी माझी जुनी पेटी सोडलेली नाही, आणि त्यावरून कुणी टोमणे मारत असेल तर मारू दे. भाऊजींची सुई मला पाठ होती. वीस वर्षं ती एकाच जागी यायची, लाल रेघेच्या बऱ्याच अलीकडे. आपला आवाज कुठे ठेवायचा हे त्या माणसाला झोपेतही कळायचं. आणि एका सोमवारी नुसतं "बस ना, उभी का?" म्हणताना सुई लाल रेघेला जाऊन धडकली.

मला वाटलं वायर गेली. वायर बदलली. मंगळवारी पुन्हा तेच. बुधवारी मी पेटी उघडून झटकली, आतल्या धुळीला शिव्या घातल्या. गुरुवारी लक्षात आलं की पेटी धडधाकट आहे. माणूस मोठ्यानं बोलायला लागला होता, आणि माणूस मोठ्यानं का बोलायला लागतो हे मला कुणी शिकवायला नको.

भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या ताईचे यजमान, धंद्यानं विनोदी नट. त्यांचं नाव फार कुणाला ठाऊक नाही. लोक त्यांना रस्त्यात बघतात, आधी हसतात आणि मग एकमेकांना विचारतात, "अरे, हा तो ना?" ताईचं लग्न ठरत होतं तेव्हा आमच्या वडिलांनी विचारलं होतं, मुलगा काय करतो. मध्यस्थ म्हणाला, सिनेमात असतो. वडिलांनी चष्मा पुसला आणि विचारलं, "हिरो?" मध्यस्थ म्हणाला, "नाही, पोस्टमन." वडिलांना वाटलं नोकरी पोस्टात आहे, म्हणून त्यांनी होकार दिला. ही हकिगत भाऊजी स्वतः सांगायचे आणि दरवेळी त्या चष्मा पुसण्याला थोडा जास्त वेळ लावायचे.

त्यांचं सगळं आयुष्य एका वाक्यावर उभं राहिलं, आणि ते वाक्य कुण्या लेखकानं लिहिलेलं नव्हतं. पहिला सिनेमा, दवाखान्याचा प्रसंग, भाऊजी कंपाउंडर. हिरोनं आत येऊन विचारायचं, "डॉक्टर आहेत का?" आणि यांनी म्हणायचं, "आहेत, बसा." दोन शब्दांचं काम. पण त्या दिवशी जनरेटरची गाडी कुणा शहाण्यानं खिडकीशीच उभी केली होती आणि हिरो तोंडातल्या तोंडात बोलणारा. भाऊजींना खरंच काही ऐकू आलं नाही. दुसरा एखादा अंदाजानं "आहेत, बसा" म्हणून मोकळा झाला असता. हे पडले प्रामाणिक. यांनी हातातली बाटली खाली ठेवली, कानामागे हात नेला, पुढे वाकले आणि अगदी मनापासून विचारलं, "काय म्हणालात?" हिरो चिडला, पुन्हा बोलला. यांना पुन्हा ऐकू आलं नाही. "काय म्हणालात?" दिग्दर्शकानं कॅमेरा थांबवला नाही, कारण वर फळ्यांवर बसलेले लाइटवाले पोट धरून हसत होते.

पुढची बारा-चौदा वर्षं भाऊजी प्रत्येक सिनेमात दोन प्रसंगांपुरते यायचे, "काय म्हणालात?" म्हणायचे आणि जायचे. कोर्टातला कारकून झाले, हॉटेलातला वेटर झाले, शाळेचा शिपाई झाले. एका सिनेमात त्यांना मेलेल्या माणसाचं काम होतं. तिथंही शेवटी एक डोळा उघडून विचारायला लावलंच. मी तेव्हा ताईच्या वशिल्यानं नुकताच धंद्यात शिरलो होतो, माईकची लांब काठी नटांच्या डोक्यावर धरून उभा असायचो. 'कट' म्हटलं की भाऊजी आधी माझ्याकडे बघायचे.

"हसले का रे?"

सिनेमात समोर प्रेक्षक नसतात. हसणार कोण, तर वरचे लाइटवाले. ते हसले की भाऊजींच्या लेखी काम झालं. मी सांगायचो, "दोघं हसले, तिसरा झोपलाय." मग ते पुढच्या टेकला त्या तिसऱ्याला उठवायच्या मागे लागायचे. दिग्दर्शक काय म्हणतो याची त्यांना फारशी पर्वा नसायची. मला तेव्हा हा त्यांचा आगाऊपणा वाटायचा. आता कळतं, ते कानानं अभिनय करत होते. समोरच्याचा शब्द कुठे संपतो, हसू कुठे उठतं, कुठे उतरतं, आणि ते पुरतं उतरायच्या आत आपण कुठे घुसायचं, हे सगळं कानाचं काम आहे. चेहरा मागून येतो.

सिनेमातली कामं पुढे आटली. मग टीव्हीवर एक मालिका आली आणि तिच्या लेखकानं भाऊजींचं ते एक वाक्य घेऊन त्याभोवती अख्खा माणूस उभा केला. भाचीच्या घरी राहणारा बहिरा मामा. कुणी म्हणायचं, "मामा, पाहुणे आले." मामा घड्याळ बघून म्हणायचा, "पावणेआठ? मग जेवायला वाढा की." भाची म्हणायची, "मामा, दार लाव," की हा सुरी घेऊन धार लावायला बसायचा. तिनं "साडी आणली" म्हटलं की हा फडकं घेऊन धावायचा, "सांडली? कुठं सांडली?" यात काही थोर नाही, मला मान्य आहे. पण भाऊजी ते असं काही करायचे की कॅमेरा धरणाऱ्याचे खांदे हलायचे आणि चित्र थरथरायचं. बाजारात, बँकेत, जिन्यात लोक त्यांना मामा म्हणू लागले. युनिटमध्ये मला कानसेन म्हणतात, त्यांना मामा. एक कान आणि एक बहिरा, अशी आमची जोडी सगळ्यांना फार गमतीची वाटायची.

तर त्या गुरुवारी मी त्यांच्या मेकअपच्या खोलीत गेलो. ते आरशासमोर तोंड पुसत होते. मी मुद्दाम कपड्यांच्या रांगेमागे उभा राहिलो, आरशात दिसणार नाही असा, आणि नेहमीच्या आवाजात म्हणालो, "भाऊजी, ताई आली आहे बाहेर." ते पुसत राहिले. मी पुन्हा म्हणालो, जरा मोठ्यानं. त्यांनी कापसाचा बोळा टाकला, दुसरा घेतला. मी पुढे झालो तेव्हा ते दचकले.

"तू कधी आलास?"

"किती दिवस झाले, भाऊजी?"

माझ्या ओठांकडे बघून त्यांना प्रश्न कळला. त्यांनी दार लावलं का ते आधी बघितलं. "डावा जाऊन दोन वर्षं झाली," ते म्हणाले. "उजवा आत्ता आत्ता."

"डॉक्टरांकडे?"

"गेलो होतो ना. डॉक्टरांनी काहीतरी विचारलं. मी म्हटलं, काय म्हणालात. तर ते हसायलाच लागले. आतून नर्सला बोलावलं, म्हणाले, हिच्यासाठी परत एकदा म्हणा. मी म्हटलं परत." भाऊजी हसले, आणि ते हसू मला बघवेना. "सगळीकडे तेच. दुकानात, बँकेत. मी खरंच विचारतो रे. लोक हसतात. परत कुणी सांगतच नाही."

मी म्हणालो, सांगून टाका. निर्मात्याला सांगा, दिग्दर्शकाला सांगा, ताईला तरी सांगा. तर ते एकदम चिडले. मालिकेतल्या आजीचं काय झालं होतं आठव, म्हणाले. बाईंचा गुडघा धरला, जिना चढवेना, तर चार दिवसांत नवी आजी आली, आणि पाचव्या दिवशी लोक जुनीला विसरले. मी म्हटलं, पण तुमचं कामच बहिऱ्याचं आहे, तुम्हाला कशाला काढतील?

"तेच तर," ते म्हणाले. "कळलं तर म्हणतील, हा कुठे नट होता, हा तर बहिराच होता. सगळं केलेलं पुसलं जाईल. ताईला कळता कामा नये. तिच्या पोटात काही राहत नाही."

मी या कानाचं त्या कानाला कळू देणार नाही असं वचन दिलं. असं वचन देणं किती सोपं असतं. त्या दिवसापासून माझा जीव टांगणीला लागला तो लागलाच.

भाऊजी कष्टाळू. त्यांनी स्वतःचे संवाद पाठ करायचे सोडून सगळ्यांचेच पाठ करायला सुरुवात केली. ओठ वाचायचे. ओठ दिसत नसले तर भुवया वाचायचे. मध्ये एक इन्स्पेक्टरचं पात्र आलं, त्याला ही झुबकेदार मिशी, वरचा ओठ औषधालाही दिसेना. भाऊजींनी मेकअपवाल्याच्या मागे लागून ती मिशी रोज थोडी थोडी कातरवली. महिनाभरात इन्स्पेक्टर इतका केविलवाणा दिसायला लागला की त्याची बदली दाखवावी लागली. उरलेलं मी बघायचो. पाठमोरा प्रसंग असला की मी पेटीपाशी उभा राहायचो, मान हलवली की त्यांनी बोलायचं. डोळ्यांत तेल घालून मी त्यांच्याकडे बघायचो, ते माझ्याकडे. आणि 'कट' झालं की तोच जुना प्रश्न, "हसले का रे?" आता त्यांना उत्तर खरंच हवं असायचं.

घरी ताईची कुरकुर वाढली. "हल्ली बोलतच नाहीत माझ्याशी. औषध घ्या म्हटलं, तर म्हणतात, अवघड? काय अवघड आहे? घरात तरी नाटक करू नका म्हणावं." ती हे हसत सांगायची. मीही हसायचो. एवढा खोटा मी आयुष्यात कधी हसलो नसेन.

मग ती बैठक झाली. मालिका जरा थंडावली होती. चॅनेलकडून एक बाई आल्या होत्या, हुशार, भरभर बोलणाऱ्या. त्या म्हणाल्या, मामांना ऐकू यायला लागलं तर? कानाला यंत्र बसतं, आणि रागावून गेलेली भाची परत येते, मागून हळूच हाक मारते, आणि मामा वळतात. नुसते वळतात. सगळं घर रडेल. दिग्दर्शक खुर्चीतून उठलाच. ठरलं की हा विशेष भाग करायचा, बोलावलेल्या प्रेक्षकांसमोर, सलग, न थांबता. भाऊजी पूर्णवेळ मान डोलवत होते. बाहेर आल्यावर त्यांनी मला कोपऱ्यात घेतलं.

"काय ठरलं?"

"तुम्हाला ऐकू यायला लागणार, भाऊजी."

"काय म्हणालात?" ते म्हणाले, आणि त्यांना खरंच कळलं नव्हतं, का ते विनोद करत होते, हे मला आजतागायत माहीत नाही.

यंत्राचं म्हणाल तर त्यांच्याकडे एक खरं यंत्र होतं. डॉक्टरांनी हसून झाल्यावर ते दिलं होतं. पण ते घातलं की पंखा, भांडी, पावलं, माणसं, सगळं एकाच मापानं डोक्यात शिरायचं आणि शब्द काही वेगळा निघायचा नाही. सवय व्हायला महिने जातील, आणि कुजबूज तर यात येणारच नाही, असं त्या डॉक्टरनंच सांगितलेलं. सामानवाल्यानं मालिकेसाठी नुसतं प्लॅस्टिकचं टरफल आणलं होतं. आम्ही एक दिवस टरफलाच्या जागी गुपचूप खरं बसवून बघितलं. ते माझ्या माईकजवळ आलं की शीळ घालायला लागलं. सगळे मला विचारायला लागले, कानसेन, ही शीळ कुठून येतेय? मी कानावर हात ठेवले. त्यानंतर खरं यंत्र डबीत गेलं आणि बहिऱ्या कानावर खोटं यंत्र चढलं.

राहिली खूण. भाऊजी कॅमेऱ्याकडे तोंड करून बसणार, कपड्यांच्या घड्या घालत. भाची मागच्या दारात येणार आणि हळू म्हणणार, "मामा." तो एक शब्द ऐकला की मी काहीतरी करायचं, आणि ते बघून त्यांनी वळायचं. मान हलवली तर लांबून दिसणार नाही. हात वर केला तर सगळ्यांनाच दिसेल. मग मीच डोकं चालवलं. मी उजवा हात माझ्या हेडफोनच्या उजव्या वाटीवर ठेवीन. ध्वनिमुद्रकानं हेडफोनला हात लावला तर कुणाला संशय येणार? भाऊजींना ही युक्ती फार आवडली. त्यांच्या घरी आम्ही आठ दिवस सराव केला, ताई बाजारात गेली की. मी कोपऱ्यात बसायचो, हात वाटीवर न्यायचो, ते वळायचे. आधी फार झटकन वळायचे. मी म्हणालो, ज्याला इतक्या वर्षांनी हाक ऐकू येते तो असा वळणार नाही, त्याला आधी विश्वासच बसणार नाही. त्यांनी विचार केला. मग हातातली घडी थांबली, बोटं तशीच राहिली, आणि मान आधी चुकीच्या बाजूला वळून मग बरोबर बाजूला आली. हा माणूस नट नव्हता असं कोण म्हणेल?

भागाच्या आदल्या दिवशी ताईचा फोन आला. आवाज इतका खाली की मला वाटलं लाइन खराब आहे.

"अरे, मी ताट पाडलं."

"काय?"

"स्टीलचं मोठं ताट. त्यांच्या पाठीमागे. मुद्दाम. पेपर वाचत होते. पान उलटलं त्यांनी." मग ताई म्हणाली, "तुला माहीत होतं." तिनं विचारलं नव्हतं, नुसतं सांगितलं होतं.

"हो."

"मी दोन वर्षं त्यांच्याशी भांडतेय, अरे. बोलत नाहीत म्हणून." मग म्हणाली, "उद्या मी येते. त्यांना सांगू नकोस." आता माझ्याकडे दोन गुपितं झाली, एकमेकांपासून लपवलेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला स्टुडिओ भरला. दोनशे माणसं पायऱ्यापायऱ्यांच्या बाकांवर. ताई तिसऱ्या रांगेत, पर्स मांडीवर घट्ट धरून. दिग्दर्शक वर काचेच्या खोलीत, तिथून त्याचा आवाज छतावरच्या भोंग्यातून येतो. भाऊजींना भोंग्याची सगळ्यात जास्त धास्ती. भोंग्याला ओठ नसतात. सगळे वर बघायला लागले की तेही वर बघायचे आणि सगळ्यांनी मान हलवली की हलवायचे. त्यांनी कानावर टरफल नीट बसवलं, कपड्यांचा ढीग मांडीवर घेतला आणि माझ्याकडे बघितलं. मी अंगठा वर करून दाखवला.

सुरुवात झकास झाली. लोक हसत होते. यंत्र लावून आलेला मामा, घरातली प्रत्येक वस्तू वाजवून बघणारा, नळाशी बोलणारा. मग दिवे मंद झाले, मामा एकटा घड्या घालायला बसला. स्टुडिओ गप्प झाला. मी त्या एका शब्दाची वाट बघत होतो.

आणि माझ्या कानात गुरगुर आली. प्रेक्षकांत कुणीतरी मोबाईल बंद केला नव्हता, तो माझ्या वायरीजवळ थरथरत होता. बारीकशी गुरगुर, दुसऱ्या कुणाला ऐकूही गेली नसेल. पंचवीस वर्षं मी असा कुठला आवाज आला की एकच गोष्ट करतो, तो नीट ऐकायला वाटी कानावर दाबतो. मी ती दाबतो हे मला माहीतही नसतं. माझा उजवा हात वर गेला, वाटीवर बसला, आणि तो तिथं पोचल्यावर मला कळलं मी काय केलंय.

भाऊजींच्या हातातली घडी थांबली. बोटं तशीच राहिली. मान आधी चुकीच्या बाजूला, मग बरोबर बाजूला. इतकं सुंदर ते सरावातही कधी वळले नव्हते. आणि मागं दाराबाहेर भाची पाठ करून उभी होती, तोंडात पिन धरून केस बांधत. तिची वेळच झाली नव्हती.

"आलीस?" मामा म्हणाला. "आलीस तू?"

ती गर्रकन वळली, पिन तोंडातच. दोनशे माणसं खो खो हसली. भोंग्यातून आवाज आला, "कट. मामा, ती बोललीच नाही अजून, तुम्ही वळलात कशाला?"

सगळे वर बघत होते. भाऊजींनीही वर बघितलं, पण मान हलवायची का झटकायची हे सांगणारं कुणी नव्हतं. त्यांनी माझ्याकडे बघितलं. माझा हात अजून तिथंच, वाटीवर चिकटलेला. मग त्यांनी छताला विचारलं, "काय म्हणालात?"

झालं. स्टुडिओ कोसळला. काहीजण टाळ्या वाजवायला लागले. भोंगाही हसत होता. हसतच त्यानं आणखी काहीतरी विचारलं आणि भाऊजींनी पुन्हा "काय म्हणालात?" म्हटलं, आणि पुन्हा हशा. त्यांच्या कॉलरला माईक होता. त्या गदारोळात फक्त मला त्यांचा श्वास ऐकू येत होता, जिना चढून आलेल्या माणसासारखा.

ते उठून उभे राहिले. मांडीवरचे कपडे खाली पडले.

"मला ऐकू येत नाही," ते म्हणाले.

हशा.

"अहो, खरंच ऐकू येत नाही. दोन वर्षं झाली."

आणखी मोठा हशा. त्यांनी कानावरचं टरफल ओढून काढलं, उलटं करून दाखवलं. आत काही नव्हतं. "हे खोटं आहे," ते म्हणाले. एक माणूस हसून हसून बाकावरून घसरला. तिसऱ्या रांगेत एकटी ताई हसत नव्हती, पर्स छातीशी धरून उभी होती, आणि तिच्या मागचे लोक तिला खाली बसा म्हणत होते. भाऊजींनी आयुष्यात एवढा मोठा हशा कधी घेतला नव्हता. तो त्यांना ऐकू येत नव्हता. उघडलेली तोंडं तेवढी दिसत होती, दोनशे.

माझ्या पेटीला एक छोटा माईक असतो, टेकचा नंबर सांगायला. तो भोंग्याला जोडलेला आहे. त्यातून नंबराशिवाय मी कधी काही बोललो नव्हतो. माझं काम बोलण्याचं नाही. मी बटण दाबलं.

"त्यांना खरंच ऐकू येत नाही," मी म्हणालो. "ते माझे मेहुणे आहेत. त्यांना ऐकू येत नाही. चूक माझी झाली, हात मी वर केला."

आवाज माझाच छतावरून माझ्यावर पडला. हशा एकदम थांबला नाही. आधी पुढच्या रांगा गप्प झाल्या, मग मागच्या, आणि कोपऱ्यात एक बाई शेवटपर्यंत हसत राहिली, मग तीही थांबली. इतकी शांतता मी त्या स्टुडिओत कधी मुद्रित केलेली नाही.

भाऊजी एकेका तोंडाकडे बघत होते. मिटलेली तोंडं. मी काय बोललो हे त्यांना कळायला मार्ग नव्हता. त्यांनी माझ्याकडे बघून, नेहमीसारखंच, विचारलं, "हसले का रे?"

मी हेडफोन काढला आणि माझे ओठ नीट दिसतील असा पुढे झालो. "नाही."

"कुणीच नाही?"

"कुणीच नाही, भाऊजी."

त्यांनी मान हलवली. टरफल खिशात टाकलं. "मग ऐकलं म्हणायचं," ते म्हणाले, आणि मला रडू आलं ते मी लपवलं नाही.

ताई पायऱ्या उतरून मंचावर गेली आणि त्यांच्या समोर उभी राहिली. मग खाली पडलेले कपडे उचलायला लागली. मालिकेतली भाची पिन हातात घेऊन तिला मदत करायला वाकली. दिग्दर्शक काचेच्या खोलीतून जिना उतरत येत होता, आणि उतरता उतरताच काहीतरी बोलला. सगळ्यांना ऐकू गेलं.

"काय म्हणालात?" भाऊजींनी विचारलं.

कुणी हसलं नाही. दिग्दर्शक थांबला. मग पुढे आला, अगदी समोर, आणि पुन्हा म्हणाला, "उद्या नवाला या, मामा. प्रसंग बदलून घेऊ." तो भरभर बोलला, आणि त्याला दाढी आहे. परवा तो काय म्हणेल, चॅनेलच्या बाई काय म्हणतील, मला माहीत नाही. नवी आजी चार दिवसांत आली होती हे मी विसरलेलो नाही. भाऊजींनी ताईकडे बघितलं, मग पुन्हा त्याच्याकडे.

"काय म्हणालात?"

दिग्दर्शकानं दोन्ही हात वर केले, एक अंगठा मुडपला आणि नऊ बोटं त्यांच्या नाकासमोर धरली. भाऊजींनी ती एकेक करून मोजली.

"नऊ?" त्यांनी विचारलं, इतक्या मोठ्यानं की माझी सुई लाल रेघेच्या पार गेली. मी आवाज कमी केला नाही.